उलट्या होतात, की करता?

नाशिकमधल्या तमाम गायनॅक डॉक्टरांना,

मॅडम आणि सर, नमस्कार. कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको, पंचवटी, नाशिकरोड, जिथे जिथे तुमच्या पाट्या आहेत तिथल्या सगळ्यांना मिळून हे एकच पत्र. यात कोणाचं नाव घेतलेलं नाही आणि घेणारही नाही, कारण माझ्या डॉक्टर वाईट नव्हत्याच, उलट रात्री अकराला केलेला फोनसुद्धा उचलायच्या. फक्त एक प्रश्न त्यांनी अख्ख्या गरोदरपणात विचारला नाही. तो मला विचारला एका दातांच्या डॉक्टरने, तोही सातव्या महिन्यात. त्या एका प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मला बुलिमिया आहे. 'होता' म्हणायला अजून जीभ रेटत नाही. इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला सुरू झालं, हॉस्टेलवर. म्हणजे काय, तर कोणी नसताना एकदम खूप खायचं, थांबायचं ठरवून पण थांबता येत नाही, आणि मग घाबरून ते सगळं बाहेर काढायचं, आणि मग उद्यापासून नाही असं म्हणून झोपायचं. माझ्याकडे बघून कोणाला काही कळायचं नाही कारण बुलिमियावाली बाई बऱ्याचदा चारचौघींसारखीच दिसते. हाडाचा सापळा होतो तो ॲनोरेक्सिया. आणि ताबा सुटून खाणं पण बाहेर न काढणं, ते बिंज इटिंग. नावं तीन असली तरी आज एक आणि दोन वर्षांनी दुसरं असंही होतं. घरात याला शब्दच नाही हो. आमच्या घरी होते ते शब्द म्हणजे नखरे, डाएटचं फॅड आणि पित्त. त्यात पित्त सगळ्यात कामाचं. आपल्याकडे पित्ताला कोणी उलट प्रश्न विचारत नाही.

पाळी माझी कायमच अनियमित, दोन दोन महिने यायची नाही, त्यामुळे मला वाटायचं आपल्याला दिवस राहायचेच नाहीत. हा माझा एकटीचा गैरसमज नाही, या आजारातल्या पुष्कळ बायकांचा असतो, आणि पाळी आली नाही तरी ओव्ह्युलेशन, म्हणजे बीज बाहेर पडणं, होऊ शकतं हे कोणी सांगत नाही. मला कळलं तेव्हा नववा आठवडा संपत आला होता. फॉलिक ॲसिडची गोळी जिच्यासाठी देतात ती बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे माझी गोळी सुरू होण्याआधीच ते काम उरकलं होतं. नशीब, नीट उरकलं होतं.

आणि मग पहिल्या तीन महिन्यांत एक गंमत झाली, गंमतच म्हणते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उलट्यांना मान मिळाला. दहा वर्षं मी बाथरूमचा नळ सोडून जे लपवत होते ते आता दार उघडं ठेवून करता येत होतं. सासूबाई पाठीवर हात फिरवायच्या, लिंबू हुंगायला द्यायच्या, शेजारच्या काकू म्हणायच्या मुलगी होणार बघ. तुमच्या केबिनमध्ये मी म्हटलं उलट्या होतात, तुम्ही म्हणालात होणारच, आणि गोळी लिहून दिलीत. त्यातल्या किती आपोआप होत होत्या आणि किती मी करत होते, ते मला माहीत होतं आणि बाथरूमला. फाइलवर मात्र एकच शब्द, उलट्या.

दुसरं पांघरूण उपवासाचं. चौथ्या महिन्यात नवरात्र आलं. कालिका मातेच्या यात्रेला घरातल्या सगळ्या जणी जायच्या आणि नऊ दिवस कडक उपवास, मी म्हटलं मी पण करते. सासूबाई म्हणाल्या, "अगं दोन जिवांची आहेस, नको." मी म्हटलं, आई, देवीचं आहे, झेपेल मला. बघा किती सोपं आहे, न खाणारी बाई आजारी दिसते पण उपवास करणारी बाई संस्कारी दिसते. उपवास वाईट असं माझं म्हणणं नाही, माझी आई आयुष्यभर सोमवार करत आलीये आणि ठणठणीत आहे. पण संकष्टी, सोमवार, गुरुवार आणि वर नवरात्र असं सगळं एकाच गरोदर बाईच्या कॅलेंडरवर दिसलं, तर देवावरच्या श्रद्धेपलीकडे अजून काही चाललंय का हे बघायला काय हरकत आहे?

मग वजनकाटा. तुमच्या बऱ्याच क्लिनिकमध्ये तो रिसेप्शनच्या शेजारी असतो, सगळ्यांसमोर. सिस्टर वजन घेतात आणि टेबलावरच्या मुलीला ओरडून आकडा सांगतात, ती लिहून घेते. माझा आकडा मी इथे लिहीत नाही, कारण हे वाचणारी एखादी बाई लगेच स्वतःचा त्याच्याशी ताडून बघेल, आम्ही सगळ्या ते करतो. पाचव्या महिन्यात आकडा फारसा हलला नव्हता तर बाकावरची एक बाई म्हणाली, किती छान मेंटेन केलंय, पोट दिसतच नाही. ते वाक्य मी घरी नेलं आणि महिनाभर त्याच्यावर जगले. सहाव्या महिन्यात एकदम वाढलं, कारण त्या महिन्यात माझा ताबा पूर्ण सुटला होता, तर ऐकावं लागलं, भात बंद करा, गोड बंद करा. दोन्ही वेळा वजन बघितलं गेलं, ते तसं का झालं ते बघितलं गेलं नाही.

आता ती ग्लुकोजची टेस्ट, हे जरा नीट सांगते. सव्वीसावा आठवडा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून तो ग्लास हातात दिला, म्हणाले हळूहळू पिऊन टाका, दोन तासांनी रक्त घेऊ. ज्या बाईने वर्षानुवर्षं साखरेचा चमचा मोजलाय तिच्या हातात तो ग्लास म्हणजे काय हे तुम्हाला कसं सांगू. स्टीलचा ग्लास होता, तळाला पावडर नीट विरघळली नव्हती, पांढरा थर दिसत होता, आणि मी त्या थराकडे बघत मनात हिशोब करत होते. प्यायले. दहा मिनिटांनी उठले, टॉयलेटमध्ये गेले, परत आले. सिस्टर बिचाऱ्या चांगल्या, म्हणाल्या उलटी झाली का, होतं असं कोणाकोणाला, आता टेस्ट आज होणार नाही, उद्या परत या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी गेलेच नाही आणि फाइलवर शुगर टेस्टची जागा कोरी राहिली. सव्वीसाव्या आठवड्यात, जेव्हा बहुतेकींच्या उलट्या केव्हाच थांबलेल्या असतात तेव्हा, सलग दोन दिवस उलटी करणाऱ्या बाईला कोणीतरी बाजूला घेऊन विचारायला पाहिजे होतं ना?

विचारलं दातांच्या डॉक्टरने. संक्रांतीच्या आधी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, गरोदरपणात येतंच म्हणे, म्हणून गेले. त्यांनी तो छोटा आरसा तोंडात घातला आणि वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू बराच वेळ बघत राहिल्या. मग मास्क खाली केला, माझ्याबरोबर आलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसता का, आणि दार लोटून मला विचारलं, "उलट्या होतात, की करता?" अगदी सहज, चहा घेणार का विचारावं तसं. बाहेरून सगळं छान दिसतं पण पोटातल्या ॲसिडने दाताचं आवरण आतल्या बाजूने झिजतं, गुळगुळीत होतं, आणि दोन महिन्यांच्या उलट्यांनी एवढं झिजत नाही म्हणाल्या. मी खुर्चीतच रडले. त्यांनी टिश्यू दिला आणि एकच सल्ला दिला, उलटी झाल्यावर लगेच ब्रश घासायचा नाही, साध्या पाण्याने चूळ भरायची, आणि तुमच्या गायनॅकना सांगा. मी सांगितलं नाही. लाज वाटली. संक्रांतीच्या आदल्या रात्री तिळगुळाच्या लाडवांचा अख्खा डबा संपवला आणि त्यानंतर जे करायचे ते केलं.

बत्तीसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वाढ मागे आहे असं निघालं. डोकं आणि पोट, दोन्ही मापं कमी. मग प्रोटीन पावडर, मग डाव्या कुशीवर झोपा, मग दर आठवड्याला डॉपलर, म्हणजे बाळाचा रक्तपुरवठा बघणारी सोनोग्राफी. माझी मुलगी छत्तीसाव्या आठवड्यात झाली, २ किलो १०० ग्रॅम, सहा दिवस काचेच्या पेटीत. हे माझ्या आजारामुळेच झालं असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू शकणार नाही, लहान आणि लवकर बाळ होण्याची कारणं पन्नास असतात. पण त्या पन्नासातलं हे एक कारण कोणी तपासलंच नव्हतं.

तुम्हाला शिकवायची माझी लायकी नाही, पण पेटीशेजारी बसून मी जे वाचलं ते सांगते. स्वीडनमध्ये २००३ ते २०१४ मधल्या बारा लाखांच्या आसपास बाळंतपणांच्या नोंदी चाळल्या आणि २०२० मध्ये ते छापलं, तर खाण्याचे हे आजार असलेल्या बायकांमध्ये गरोदरपणातल्या जोराच्या उलट्या जास्त, वेळेआधी बाळंतपण जास्त, बाळाच्या डोक्याचा घेर लहान असणं जास्त, ॲनोरेक्सियात ॲनिमियाही जास्त. आणि ज्यांचा आजार जुना होता, त्यांच्यातही धोका पूर्ण गेलेला नव्हता. बिंजवालीचं विरुद्ध दिशेने जातं, तिचं वजन प्रमाणाबाहेर वाढतं, बाळ मोठं होतं, म्हणजे ती लहान बाळाच्या यादीत सापडणारच नाही. सतत उलट्या करणारीचं पोटॅशियम उतरतं आणि मग हृदयाचे ठोके चुकायला लागतात, मला व्हायचं ते, मी समजायचे टेन्शन आहे.

अजून एक. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली, तेव्हा पोटात असलेली बाळं पन्नास-साठ वर्षांची झाल्यावरही त्यांच्या शुगरमध्ये आणि हृदयात तो हिवाळा दिसत होता. आपल्याकडे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या आया आणि बाळं बघितली, आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, सरासरी २.७ किलोची, पण बारीक दिसत असली तरी आत चरबी धरून बसलेली, आणि पुढे डायबेटिसकडे झुकणारी. आता हे दोन्ही उपासमारीचे नाहीतर साध्या कमी खाण्याचे अभ्यास आहेत, माझ्या आजाराचे नाहीत, मान्य. पण पोटातल्या बाळाला कुठे कळतं की आईच्या ताटात नव्हतं, की होतं आणि तिने ते टाकलं?

हे वाक्य लिहिताना मला नेहमी सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडच्या आदिवासी भागातल्या बायका आठवतात. तिथे गरोदर बाईला दिवसातून एकदा तरी चौरस जेवण मिळावं म्हणून सरकारला अमृत आहार योजना काढावी लागली, आणि मी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये भरलेलं ताट फ्लश करत होते. ही शरम मी खूप वर्षं बाळगली आणि त्या शरमेनेच मला गप्प बसवलं. आता वाटतं शरमेने कोणाचंच पोट भरत नाही, ना त्यांचं ना माझं. आणि हा फक्त फ्लॅटवाल्यांचा आजार आहे असंही समजू नका. आमच्याकडे धुणंभांड्याला येणारी ताई दोन्ही वेळच्या गरोदरपणात पाटीवरच्या पेन्सिली खायची, कडाकडा, पदराला बांधलेल्या असायच्या. रक्त कमी असलं की माती, राख, पेन्सिल, कच्चे तांदूळ असलं काहीतरी खावंसं वाटतं, त्याचं पायका असं नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं रक्त कमी आहे असं सरकारचाच २०१९-२१ चा आरोग्य सर्व्हे सांगतो, मग पेन्सिली किती पदरांना बांधलेल्या असतील? तिला सगळे हसायचे, डोहाळे म्हणायचे. तिलाही कोणी विचारलं नाही.

तर मागणी अशी. पहिल्या व्हिजिटला तुम्ही शेवटची पाळी विचारता, शुगर-बीपी घरात कोणाला आहे का विचारता, लग्न नात्यात झालंय का हेही विचारता. त्याच दमात खाण्याबद्दल एक प्रश्न. पण सासू किंवा नवरा केबिनमध्ये असताना नाही हो! त्यांच्यासमोर कोणतीही सून हो म्हणणार नाही, आणि नाशिकमध्ये पेशंट कधी एकटी आत येतच नाही, आम्ही कुटुंबासकट येतो. बीपी घ्यायच्या निमित्ताने दोन मिनिटं बाकीच्यांना बाहेर बसवा. आणि "तुम्हाला इटिंग डिसऑर्डर आहे का" असं नका विचारू, मीसुद्धा नाही म्हटलं असतं. असं विचारा की बऱ्याच जणींना वजन वाढायची भीती वाटते, मग कोणी जेवण टाळतं, कोणी जास्त खाल्लं की उलटी करतं, तुमचं कधी असं होतं का, आधी कधी झालंय का. इंग्लंडमध्ये १९९९ पासून पाच प्रश्नांची एक छोटी यादी वापरतात, स्कॉफ नावाची, दोन उत्तरं हो आली की पुढे तपासायचं, ती गरोदरपणासाठी केलेली नाही पण सुरुवातीला हाताशी असू द्या. लंडनमध्ये पहिल्या सोनोग्राफीला आलेल्या बायकांना प्रश्न दिले होते, २०१३ मध्ये ते छापून आलं, तर ७.५ टक्के जणींमध्ये काही ना काही निघालं. म्हणजे साधारण तेरा-चौदा जणींत एक. तुमच्या सकाळच्या ओपीडीत बाकावर बसलेल्या असतात त्याच्यापेक्षा कमीच की.

वजन घ्या, जरूर घ्या, पण काटा पडद्यामागे न्या, आकडा फाइलमध्ये लिहा आणि जिला नको असेल तिला पाठमोरी उभी करा, आकडा तुम्हाला हवाय, तिला नसला तरी चालतं. बारीक राहिली म्हणून कौतुक नको, वाढली म्हणून रिसेप्शनवर झापणं नको. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर पण उलट्या चालू असतील तर नुसती गोळी न लिहिता पोटॅशियम बघा, आणि दात बघा, खरंच, टॉर्च तर तुमच्याकडे असतोच. आणि हो म्हणाली तर पुढे कुठे पाठवायचं ते ठरलेलं असू द्या, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक आहारतज्ज्ञ जी कॅलरीचा तक्ता हातात कोंबणार नाही. कोणीच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ तरी लिहून द्या, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मला माहितीये तुम्ही काय म्हणाल. ओपीडीला साठ-सत्तर पेशंट, वेळ कुठे. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची जी रांग लागते ती मी बघितलीये, तिथल्या डॉक्टरला हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. पण त्या दातांच्या डॉक्टरने मला जो प्रश्न विचारला तो घड्याळ लावून म्हणून बघा, पाच सेकंद पण लागत नाहीत. आणि ज्या शहरात दिंडोरी रोडला अख्ख्या राज्याचं आरोग्य विद्यापीठ आहे तिथे हा प्रश्न फाइलच्या पहिल्या पानावर यायला काही अडचण असेल असं मला वाटत नाही.

बाळंतपणानंतरचं थोडक्यात. पुष्कळ बायकांचा हा आजार गरोदरपणात शांत होतो, बाळासाठी म्हणून त्या खातात, आणि बाळ झालं की परत उसळतो, कारण तेव्हा सगळे पोट कधी जाणार विचारायला लागतात. माझा तर गरोदरपणातही शांत झाला नव्हता, नंतर अजून वाढला. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप, सगळं समोर, आणि मी मुलीला पाजताना मनात मोजत बसलेली. दीड महिन्याच्या चेकअपला टाके बघितले, कॉपर टी विचारली, संपलं. मुलगी आठ महिन्यांची असताना मी स्वतःच मानसोपचाराच्या डॉक्टरकडे गेले, कारण ती वरण-भाताचा घास थुंकत होती आणि मला तिचा राग येण्याऐवजी आनंद झाला होता. त्या आनंदाची मला जी भीती वाटली तेवढी कशाचीच वाटली नव्हती. दीड वर्ष दर आठवड्याला जाऊन बोलले. आता महिने महिने काही होत नाही. कधी होतं. झालं तर सांगते, लपवत नाही, नवऱ्याला तरी.

मुलगी आता चार वर्षांची आहे, वर्गात सगळ्यात बुटकी, खायला बेरकी, मिसळीतली नुसती शेव निवडून खाते आणि पाव मला देते.

आणि हे पत्र आत्ताच का, तर मला परत दिवस गेलेत. सातवा आठवडा. फॉलिक ॲसिड यावेळी तीन महिने आधीपासून चालू आहे. मळमळ होतेय, परवा सकाळी उलटी झाली, झाली हां, केली नाही. गुरुवारी सकाळी अकराची अपॉइंटमेंट आहे, तुमच्यापैकीच एकीकडे, नवीन डॉक्टर आहेत, मला ओळखत नाहीत. सासूबाई बरोबर येणार आहेत, त्यांना बाहेर बसवायचं काम तुमचं. मी स्वतःहून सांगेन असं आज तरी वाटतंय, पण काट्यावर उभी राहिल्यावर काय वाटेल याची खात्री मी देऊ शकत नाही, म्हणून विचारा.

तुमची एक पेशंट,
इंदिरानगर, नाशिक